पळीभर तेलाची शिष्यवृत्ती

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारी माणसं देवीसाठी जातात, पावसाळ्यात धबधब्यासाठी. तिथल्या एका शिलालेखात अभ्यासकांच्या पोटापाण्याची सोय कोरलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लेख १२०७ सालचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. उत्पन्नाची बारीकसारीक कलमं सुरू झाली, की भाषा मराठी होते. पेठेत माल विकला जाईल त्यावरचा राजाचा कर मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. शिवाय जे मोजायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा. स्तुती संस्कृतात आणि हिशेब मराठीत, ही वाटणी मला फार बोलकी वाटते. सिद्धान्तशिरोमणी शिकणाऱ्या पोराच्या जेवणात तेल्याच्या घाण्याचा वाटा होता.

खानदेशात विद्येचं जे काही उभं राहिलं, त्यामागे अशी एखादी पळी सापडतेच. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून निवडक अभ्यासक यायचे, राहायची सोय आणि वेतन मिळायचं, आणि काम एकच: विचार करणं. आजच्या भाषेत निवासी फेलोशिप. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ १९३३ ते १९३५ या काळात इथे संचालक होता. इथल्याच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघा अभ्यासकांनी मिळून ‘अज्ञान’ या विषयावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९३३ साली निघालं. इथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक परदेशातले प्राध्यापक वाचत. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी या मंदिरात; शाळेतले मास्तर ते नंतर झाले. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात अद्वैत वेदान्तावर वाद रंगत होते, हे चित्र आज सांगून पटत नाही.

धुळ्याची गोष्ट वेगळी. तिथे धनिकापेक्षा माणसांची चिकाटी मोठी. शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभा १८९३ साली सुरू केली. मठामठांतून रामदासी हस्तलिखितं गोळा केली आणि कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली दासबोध छापला. वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या मागे महाराष्ट्रभर पायपीट करून शेवटी धुळ्यात विसावले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. पुढच्याच वर्षी भास्कर वामन भट प्रभृतींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी जमवलेलं दप्तर पुण्याला गेलं नाही, धुळ्यात राहिलं. मंडळाची शंभरी २०२७ साली भरते.

या सगळ्यापुढे साहित्य संमेलनं मला थोडी फिकी वाटतात. जळगावला १९३६ मध्ये माधव जूलियन अध्यक्ष होते, धुळ्याला १९४४ मध्ये मामा वरेरकर. अमळनेरला १९५२ आणि पुन्हा २०२४ साली मांडव पडला. तीन दिवस गाव फुलतं, पुस्तकं खपतात, हे खरंच. पण चौथ्या दिवशी मांडव निघतो. दप्तर कपाटात असतंच.

आजची पळी दिल्लीहून येते. नेटमध्ये जेआरएफ मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. जळगावचं विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं आणि २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव लावतं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना त्यामुळे पीएच.डी.साठी पुण्याची खोली शोधावी लागत नाही. जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात, २०१२ पासून, गांधीजींशी संबंधित कागद, छायाचित्रं, ध्वनिफिती नीट जपलेल्या आहेत. साधनं आहेत, थोडे पैसेही आहेत. अडतं ते मोडीपाशी. पेशवाईतला कागद मराठीच, पण लिपी ओळखीची नाही म्हणून पोरं छापील पुस्तकांवर भागवतात आणि प्रबंधातून प्रबंध निघत जातो. पाचपन्नास कागद रोज डोळ्यांखालून घातले, तर काही महिन्यांत मोडी वळणावर येते. त्यासाठी फेलोशिपच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

ज्याला इतिहासापेक्षा भाषेची ओढ आहे, त्याने पाटण्याच्या लेखापासूनच सुरुवात करावी. घाणा, पळी, माप हे त्यातले शब्द जळगावच्या स्वयंपाकघरात आणि बाजारात आजही जसेच्या तसे चालतात. सुपारीला मात्र लेखात ‘पोफळी’ म्हटलं आहे. तो शब्द आता कोकणातल्या बागेत भेटतो. खानदेशातून तो कधी गेला, कुणाबरोबर गेला?