‘बळी’ आणि ‘खून’ : एका गुन्हेमालिकेच्या निमित्ताने

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात बालिका व स्त्रिया यांच्या हत्या घडल्या. त्यांवर आधारलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका २०२४ साली सोनी लिव्हवरून प्रसृत झाली. तपासाधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचे पुस्तक हा तिचा आधार होय. (अमोल पालेकरांचा १९८१ चा ‘आक्रीत’ याच प्रकरणावर बेतलेला आहे.) आमच्या भागातील प्रेक्षकास यातील रहस्य शिळे झालेले असते, मग तो पाहतो काय?

उत्तर, आमच्या मते, शब्दांत आहे. गुप्तधनाचा लोभ व अपत्याची आस यांपोटी नरबळी दिले गेले, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. ‘खून करणे’ या प्रयोगात कर्ता अपराधी ठरतो. ‘बळी देणे’ या प्रयोगात तोच दाता होतो, आणि मेलेली पोर ही द्यावयाची वस्तू. क्रियापदाचा हा फरक किरकोळ नव्हे. ‘वांझ’ हे विशेषणही असेच पाहावे. ते बाईलाच चिकटते. ‘निपुत्रिक’ पुरुषासही लावता येते खरे, परंतु त्यास शिवीचा डंख नाही.

हे शब्द आरोपींनी घडविलेले नव्हते. ते शेजारपाजारचे, घरोघरचे होते. तपासास हत्यार व साक्षीदार पुरतात. कथेस मात्र हे बोलणेही ऐकवावे लागते. खुनासाठी दंडसंहिता होतीच; तरीही २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात ‘नरबळी’ हा शब्द घालावा लागला.