पांझरेचा पाट आणि दूरस्थ कीर्तन

आषाढी जवळ आली की खानदेशच्या वाटांवर टाळमृदंगाचा नाद उठतो. १ जुलै २०२० ची आषाढी मात्र मुकीच गेली. मंदिरे बंद होती. मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखीदेखील त्या वर्षी पायी न जाता एसटीने पंढरीस गेली. आम्ही बोरीकाठी, अमळनेरास, राहत्या घरी उभे राहिलो आणि समोर श्रोत्यांऐवजी मोबाइल ठेवून कीर्तन केले. धुळे, शिरपूर, सुरत येथील मंडळी आपापल्या घरी ऐकत होती. पूर्वरंग संपून आख्यानास आरंभ होतो न होतो तोच निरोप येऊ लागले, ‘बुवा, चित्र थिजले, शब्द तुटतात.’ सुरतेस अंथरुणास खिळलेल्या एक वृद्ध भगिनी कित्येक वर्षांनी कीर्तन ऐकावयास बसल्या होत्या. त्यांच्या वाट्यास आख्यानाचा शेवट आलाच नाही. ती रुखरुख आम्हांस स्वस्थ बसू देईना, म्हणून ह्या विद्येचे मर्म आम्ही जाणत्यांकडून समजावून घेतले.

वाचकहो, आकाशवाणीची तऱ्हा निराळी. जळगाव केंद्रावरून सोडलेला ध्वनी दहा जणांनी ऐकला काय किंवा लाखांनी, केंद्रावरील भार तेवढाच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यास स्वतंत्र धार द्यावी लागते. रासक्रीडेत गोपी तितके कृष्ण, तसे. चित्रास सेकंदाला २ मेगाबिट लागतात असे धरले तर हजार श्रोत्यांस २ गिगाबिट झाले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम क्रिकेट सामना हॉटस्टारवर ऐन भरात ५ कोटी ९० लाख लोक एकाच वेळी पाहत होते. एवढा ओघ एका ठिकाणाहून कोण पुरवील?

ह्याचे उत्तर आमच्या धुळे जिल्ह्याच्या मातीतच आहे. पांझरेवरील फड पद्धतीत शेकडो वर्षांपासून एका प्रचंड धरणावर भिस्त नसते. ठिकठिकाणी लहान बंधारे, प्रत्येकाचा आपला पाट आणि पाणी वाटावयास पाटकरी. १९९८ साली अमेरिकेतील एमआयटीच्या टॉम लेटन व डॅनियल लेविन यांनी स्थापलेल्या अकामाई कंपनीने इंटरनेटवर जवळपास हेच केले. मूळ स्थानाहून प्रत एकदाच आणावयाची, श्रोत्यांच्या जवळच्या शहरातील सर्व्हरवर साठवावयाची आणि तेथून वाटावयाची. थेट प्रक्षेपणात काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात. हजारांनी एकाच क्षणी नवा तुकडा मागितला तरी जवळचा सर्व्हर मुळाकडे एकच मागणी धाडतो आणि इतरांस क्षणभर थोपवून धरतो. जाणता पाटकरीही याहून निराळे काय करतो? शिवाय प्रत्येक तुकडा उच्च-नीच अशा अनेक प्रतींत तयार असतो, आणि श्रोत्याचा मोबाइल आपल्या पाटाचा वेग पाहून प्रत निवडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जाळ्यांवरील भार वाढला, तेव्हा ह्या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवर ४८० च्या वरील प्रत न देण्याचे ठरविले होते. टंचाईतले पाणीवाटपच ते!

मग आमचे कीर्तन का अडले? वाटेतला एकही बंधारा दोषी नव्हता, आमच्या विहिरीवरची मोटच लहान होती. घरातून बाहेर जाणारी वाहिनी अरुंद, आणि पुतण्याने हौसेने अत्युच्च प्रतीचे चित्र लावलेले. उगमातच खंड पडला तर शेवटच्या शेतास पाणी कोठून पोचणार? त्या दिवशी आम्हीही त्यास हटकले नाही. आपले उपरणे झळकलेले कोणास आवडत नाही? वास्तविक नवविधा भक्तीत श्रवण पहिले. बुवांच्या उपरण्याची जर दिसली नाही तरी चालते, पद तुटले की रसभंग होतो. ध्वनीस सेकंदाला १२८ किलोबिट पुष्कळ झाले. तेव्हापासून आम्ही चित्र ४८० वरच ठेवतो, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या वाहिन्या सज्ज ठेवतो आणि आदल्या रात्री, कीर्तनाच्याच वेळी, येणारा नव्हे तर जाणारा वेग मोजून पाहतो.

एक गोष्ट मात्र अद्याप साधलेली नाही. तुकडे पाडीत, साठवीत कीर्तन सुरतेस पोचावयास वीस-तीस सेकंद सहज लागतात. आम्ही विठ्ठलनामाचा गजर उचलतो तेव्हा तिकडे निरूपणच चाललेले असते. गेल्या आषाढीस त्याच वृद्ध भगिनींना आम्ही शेजारी दुसऱ्या फोनवर जोडून घेतले होते. गजर आटोपून आम्ही आरतीचे तबक हाती घेतले आणि तेवढ्यात त्या फोनमधून त्यांचा क्षीण, पण एकही अक्षर न तुटलेला ‘विठ्ठल, विठ्ठल’ ऐकू आला. आम्ही तबक खाली ठेवले, मृदंगियास खूण केली आणि त्यांचा गजर पुरा होऊ दिला.