बंदुकीचा आकडा आणि बांधाचा आकडा

1 कोटी 60 लाख! 1945 च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या साउथ डकोटा या एकाच राज्यात एवढे रानफेझंट होते, असा अंदाज आहे. एका राज्यात, एका हंगामात, एका जातीचे. आणि त्या राज्यात माणसं किती? सहा लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीस-सत्तावीस पक्षी.

फेझंट आपल्याकडच्या माळरानावर दिसत नाही, पण परका मात्र नाही. मोर, रानकोंबडा, तित्तर, लावा यांच्याच कुळातला हा भाऊबंद. गावठी कोंबड्याएवढं अंग, तांब्यासारखा झळकणारा रंग, नराच्या मानेत पांढरं कडं आणि मागे हातभर शेपूट. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत नर-मादीची सरासरी 70 सेंटिमीटर धरू आणि त्या 1 कोटी 60 लाखांना एका रांगेत उभं करू. रांग भरते 11,200 किलोमीटरची. मुंबईहून पुण्याला जा, परत या, पुन्हा जा. पंचाहत्तर खेपा होतील, तरी दुतर्फा फेझंटच!

आता शिकार बघा. त्या एकाच वर्षी साउथ डकोटात सुमारे 75 लाख फेझंट मारले गेले. 75 लाख म्हणजे मुंबईच्या लोकलमधून एका दिवसात होणारा सगळा प्रवास. चर्चगेट, सीएसएमटी, ठाणे, विरार, कर्जत, पनवेल, सकाळच्या पाळीपासून शेवटच्या गाडीपर्यंतची अख्खी गर्दी. पक्षी सरासरी 1 किलो 200 ग्रॅमचा धरला, तर वजन होतं 9,000 टन. 58 वाघिणींच्या अडीच मालगाड्या भरून नुसतं मांस. एका पक्ष्यामागे दोनच काडतुसं गेली असं मानू. नेमबाजांना मी इथे बरंच झुकतं माप देतोय. एका काडतुसात 35 ग्रॅम छर्रे धरले, तरी रानात विखुरलं गेलेलं शिसं भरतं सव्वापाचशे टन. आणखी नऊ वाघिणी जोडा!

एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग संपणारच की. साफ चूक. बंदुकीचा हा आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, पण या गोष्टीतला तो लहान आकडा आहे.

मुळात हे पक्षी अमेरिकेचे नव्हेतच. शांघायमधले अमेरिकन वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी 1881 आणि 1882 मध्ये चीनमधून फेझंट जहाजाने ओरेगनला धाडले. पहिल्या खेपेतले बहुतेक वाटेतच मेले. दुसऱ्या खेपेतले काही डझन जगले आणि विलमेट नदीच्या खोऱ्यात सोडले गेले. दहा वर्षं शिकारबंदी. 1892 मध्ये पहिला हंगाम उघडला, आणि पहिल्याच दिवशी 50,000 पक्षी पडले असं सांगतात. काही डझनांतून पन्नास हजार, तेही फक्त मारलेले!

हे कसं शक्य आहे? कागद-पेन्सिल घ्या. मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. बारा धरा, सगळी उबली, कुणी मेलं नाही, निम्मे नर आणि निम्म्या माद्या. एका जोडीच्या वर्षभरात सात जोड्या होतात. दुसऱ्या वर्षी 49, तिसऱ्या वर्षी 343. इथवर हसू येतं. पाचव्या वर्षी 16,807 होतात, तेव्हा जरा सरसावून बसावं लागतं. दहाव्या वर्षी? 28 कोटी 24 लाख 75 हजार 249 जोड्या. म्हणजे 56 कोटींवर पक्षी, एका नवरा-बायकोपासून!

असं प्रत्यक्षात होत नाही, हे कबूल. कोल्हा आहे, ससाणा आहे, बर्फ आहे. पण प्रत्यक्षातलंही बघा. वॉशिंग्टन राज्यात प्रोटेक्शन आयलंड नावाचं चारेकशे एकरांचं बेट आहे. 1937 मध्ये तिथे दोन नर आणि सहा माद्या सोडल्या. 1942 च्या शरदात मोजणी झाली, तर पक्षी निघाले 1,898. सहा हंगामांत 237 पट! बँकेत एक लाखाची ठेव ठेवावी आणि सहा वर्षांच्या आत मॅनेजरने 2 कोटी 37 लाख हातावर ठेवावेत, असा हा दर. असला व्याजदर ज्याच्या रक्तात आहे त्याला बंदूक काय संपवणार? शिवाय आता बहुतेक ठिकाणी फक्त नर मारायला परवानगी आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो. जादा नर गेले तर पुढच्या वर्षीच्या पिलांत फारशी घट येत नाही.

तर मग हा पक्षी कशाने खचला? गवत गेल्याने. हे उत्तर इतकं साधं आहे की त्याचे आकडे मांडल्याशिवाय ते पटत नाही.

1945 चा तो चमत्कारच मुळी गवताचा होता. आधी दुष्काळ आणि धुळीची वादळं, मग महायुद्ध. शेतं ओस पडली, पोरं लढाईवर गेली, नांगर गंजले, रान माजलं. फेझंटांची चंगळ झाली. मग सैनिक परतले, ट्रॅक्टर आले, पडीक रान पुन्हा नांगराखाली गेलं. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत साउथ डकोटातला आकडा वीस लाखांच्या आसपास उतरला. आठातले सात गेले! ‘कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा’ हा त्या काळातला सरकारी सूर. अर्ल बट्झ हे कृषिमंत्री त्याच घोषणेसाठी ओळखले जातात.

आता बांधाचा हिशेब. आपल्याकडे वीतभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि नातवंडं तारखा सांभाळतात. अमेरिकेत बांध कोरला नाही, थेट पुसला. तिथली जमीन एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत आखलेली. पूर्वी एका चौकोनात चाळीस-चाळीस एकरांची सोळा शेतं असत. आतल्या बांधांची लांबी भरते साडेनऊ किलोमीटरच्या वर. मोठी यंत्रं आली, सोळाचं एक शेत झालं, सगळे बांध गेले. आयोवा राज्य सुमारे 56,000 चौरस मैलांचं. त्यातल्या निम्म्याच चौकोनांत असं झालं असं समजू. पुसलेले बांध भरतात 2 लाख 70 हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीला जवळजवळ पावणेसात प्रदक्षिणा! आकडा माझा, कागदावरचा. पण त्या बांधावरच घरटं असतं, तिथेच हिवाळ्यात आडोसा असतो आणि तिथेच पिलांचं जेवण असतं.

त्या जेवणाकडे जरा थांबून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. फेझंटचं पिल्लू पहिले दोन आठवडे जवळजवळ फक्त किडे खातं. दाणे नंतर. कंजूषपणे धरू: दिवसाला शंभर किडे. दहा पिलं, चौदा दिवस. एका घरट्याला 14,000 किडे लागतात. सुगीच्या काळात एका राज्यात चाळीस लाख घरटी फुटली असं मानू. (अंडी अकरा-अकरा धरली तर ती साठवायला वीस फूट व्यासाच्या, चाळीस फूट खोल अशा सहा विहिरी काठोकाठ भरतील, हे जाता जाता.) चाळीस लाख घरट्यांना दोन आठवड्यांत लागणारे किडे 5,600 कोटी! आज पृथ्वीवर असलेल्या प्रत्येक माणसाला सात-सात किडे वाटता येतील. आता त्याच बांधावर तणनाशक मारा. तण गेलं की तणावरचे किडे गेले, किडे गेले की पिलं गेली. कुणी एकही बार काढलेला नाही.

ब्रिटनमध्ये डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्सच्या टेकड्यांवर 1968 पासून हेच मोजलं. त्याचा पक्षी करडा तित्तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटिश शिकारी वर्षाला वीसेक लाख करडे तित्तर मारत, तरी तित्तर टिकून होते. आज अख्ख्या ब्रिटनमध्ये उरल्यात सुमारे 37,000 जोड्या. वानखेडेच्या एकेका खुर्चीवर एकेक जोडी बसवा. स्टेडियम भरेल, चारेक हजार जोड्या दाराबाहेर उभ्या राहतील, आणि देश संपला!

आणि त्याच देशात शिकारीच्या हौसेसाठी दरवर्षी पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट रानात सोडले जातात. किती? तीन कोटींच्या वर. देशातल्या दर दोन माणसांमागे जवळजवळ एक पक्षी. वजन होतं 36,000 टन, म्हणजे दहा मालगाड्या. दहा मालगाड्या भरून कोंबड्या सोडायच्या आणि त्याला रान म्हणायचं! मला तरी हे सर्कशीच्या वाघासारखं वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाची तीच कथा. 1971 मध्ये तिथे सुमारे 13 लाख फेझंटांची शिकार झाली होती. आता रानातले जवळपास संपले, आणि सरकारच दोन लाखांवर पक्षी वाढवून सोडतं. त्यातले बहुतेक काही आठवड्यांतच मरतात.

गवत परत दिलं तर? तोही प्रयोग झाला, आणि त्याचे आकडे ऐकून खुर्ची घट्ट धरावी लागते. 1985 च्या शेती कायद्याने अमेरिकन सरकार शेतकऱ्यांना म्हणालं, जमीन पेरू नका, गवताखाली ठेवा, भाडं आम्ही देतो. 2007 मध्ये अशी जमीन भरली 3 कोटी 68 लाख एकर. दीड लाख चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ निम्मा भाग, नुसता गवताखाली! भाडं वर्षाला 180 कोटी डॉलरच्या आसपास. डॉलरला 85 रुपये धरले तर 15,300 कोटी रुपये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधताना आलेल्या खर्चात तेवढ्या पैशांतून तसे नऊ मार्ग झाले असते. दरवर्षी नऊ! आणि फेझंट? त्याच 2007 मध्ये साउथ डकोटातला आकडा पुन्हा 1 कोटी 19 लाखांवर गेला. वर सांगितलेलं व्याज ते हेच.

मग मक्यापासून इथेनॉल काढायची लाट आली. दोन डॉलरला जाणारा बुशेलभर मका 2012 पर्यंत सात डॉलरच्या घरात गेला. शेतकऱ्याने काय करावं? त्याच्या जागी मीही गवत मोडून मकाच पेरला असता. 2021 पर्यंत भाड्याच्या गवतातली 1 कोटी 60 लाख एकर जमीन बाहेर पडली. तो तुकडा केवढा? अख्खा मराठवाडा. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आठही जिल्हे गवतातून उठले! 2013 मध्ये साउथ डकोटात पहाटेच्या दवात रस्त्यावर येणारे फेझंट मोजले, तर ते आदल्या वर्षीपेक्षा 64 टक्क्यांनी कमी. आयोवात 2003 मध्ये दहा लाखांवर शिकार झाली होती. 2011 मध्ये ती सव्वा लाखाच्याही खाली आली. ओळीने आलेल्या कडक हिवाळ्यांचाही त्यात हात होताच, पण हिवाळ्यात लपायला आडोसाच उरला नव्हता.

फेझंट निदान पाहुणा आहे. घरच्या पक्ष्यांचं काय? बॉबव्हाइट हा तिथला लाव्यासारखा छोटा पक्षी. 2007 मध्ये ऑडुबॉन संस्थेने जाहीर केलं, चाळीस वर्षांत 3 कोटी 10 लाखांवरून 55 लाख. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून सुटून पुण्याला पोचते तेवढ्या वेळात सुमारे 230 पक्षी कमी. परतीच्या गाडीला आणखी 230. रात्री, दुपारी, दिवाळीत, गणपतीत, चाळीस वर्षं न थांबता.

आणि आता सगळ्यात मोठा आकडा. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या बहुतेक जातींचा मेळ घातला. 1970 पासून घटलेले पक्षी 290 कोटी, त्यातले 70 कोटींवर एकट्या गवताळ रानातले. सेकंदाला जवळजवळ दोन! त्याच डेक्कन क्वीनच्या एका खेपेत आता 230 नव्हे, बावीस हजार. त्या 290 कोटींतला प्रत्येक पक्षी चिमणीएवढा, 15 सेंटिमीटरचा धरून रांग लावू. पुणे मागे पडतं, दिल्ली मागे पडते, पृथ्वी मागे पडते. 3 लाख 84 हजार किलोमीटरवर चंद्र येतो, आणि रांग अजून संपलेली नसते. उरते 51,000 किलोमीटर. ती पृथ्वीभोवती एकदा गुंडाळली, तरी अकरा हजार किलोमीटर पक्षी हातात उरतात.