शाळेचे दप्तर ‘क्लाउड’मध्ये



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि आपल्या जिल्ह्यातले सास्तूर गाव ढासळले. इमारत पडली की कपाटातले दप्तरही तिच्याखालीच जाते. म्हणून नोंदींची एक प्रत दूरगावी असावी.

संगणकावरची ‘एसक्यूलाइट’ ही डेटाबेस लायब्ररी साऱ्या नोंदी एकाच फाइलीत ठेवते. त्या फाइलीची प्रत ‘क्लाउड’मध्ये ठेवायची. क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे. इंटरनेटने जोडलेले दूरचे संगणक. तिथे ‘बकेट’, म्हणजे आपल्या नावाची कोठी घ्यावी. तिचा पत्ता आणि किल्ली प्रोग्रामला द्यावी. किल्ली भिंतीवर लिहून ठेवू नका, बरं का!

एक ध्यानात घ्या. या कोठीत ठेवलेल्या फाइलीची मधली एकच ओळ सहसा बदलता येत नाही. सबंध फाइल पुन्हा ठेवावी लागते. म्हणून चालू फाइल शाळेतच राहू द्या. बॅकअपची आज्ञा देऊन काढलेली प्रत रोज त्या त्या तारखेच्या नावाने पाठवा.

आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उगवण तपासल्याशिवाय बियाण्याचा भरवसा आपण धरतो का? मग दप्तराचा तरी का धरावा?