टेलिव्हिजनचे तिसरे बटण

ज्या रात्री बीबीसीचे दुसरे चॅनेल मोठ्या थाटात सुरू व्हायचे होते, त्या रात्री ते सुरू झालेच नाही. ही गोष्ट २० एप्रिल १९६४ची. सोमवार होता. मी त्या वेळी लंडनमध्ये होतो आणि त्या फजितीचा मी एक साक्षीदार आहे.

माझे वय चोवीस. उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात एका वृद्ध जोडप्याच्या घरी माडीवरची खोली घेऊन राहत होतो. दिवसा कारखान्यात शिकाऊ इंजिनियर, संध्याकाळी तांत्रिक शाळेचा विद्यार्थी, आणि उरलेल्या वेळात साताऱ्याच्या आठवणीने कासावीस होणारा एक पोरगा, अशी माझी तिहेरी भूमिका होती. घरमालकांना मी मनातल्या मनात 'आजोबा' म्हणत असे; तोंडाने अर्थातच आडनावामागे 'मिस्टर' लावून. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, स्वभावाने प्रेमळ, पण टेलिव्हिजनच्या बाबतीत कडक. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी साडेसातला 'कोरोनेशन स्ट्रीट' लागे. त्या अर्ध्या तासात घराला आग लागली असती, तरी बाई जागच्या हलल्या नसत्या!

इथे वाचकांना थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आपल्याकडे तेव्हा टेलिव्हिजन म्हणजे दिल्लीत १९५९पासून चाललेला एक लहानसा प्रयोग. मुंबईला तो यायला १९७२चा २ ऑक्टोबर उजाडावा लागला. इंग्लंडात मात्र १९६४ साली सव्वा कोटीहून अधिक परवाने होते आणि एका परवान्याला वर्षाला चार पौंड पडत. पण एवढ्या प्रचंड पसाऱ्यात निवड दोनच चॅनेलांची. एक बीबीसी, आणि दुसरे १९५५ साली निघालेले, जाहिरातींवर चालणारे आयटीव्ही. आता तिसरे येणार होते.

या तिसऱ्यात एक मेख होती. टेलिव्हिजनचे चित्र आडव्या रेषांचे बनते. जुन्या संचात त्या रेषा ४०५. नव्या चॅनेलच्या ६२५. म्हणजे चित्र अधिक रेखीव, पण जुन्या संचावर ते दिसायचे नाही. नवा संच घ्या, छपरावर नवी एरियल बसवा! आमच्या आजोबांनी आयुष्यात कधी हप्त्याने वस्तू घेतली नव्हती. त्यांनी हप्त्याने नवा संच आणला तेव्हा बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांचे म्हणणे एकच, "दोन पुरत नव्हती का?"

अंधार आणि टेकडीवरचे जुने घर

उद्घाटन संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. 'किस मी केट' ही संगीतिका, आतषबाजी, विनोदी कार्यक्रम असा बेत जाहीर झालेला. बाईंनी त्या सोमवारी 'कोरोनेशन स्ट्रीट'वर पाणी सोडले, हा त्यांचा केवढा त्याग! त्यांनी केक केला होता. शेजारची दोन कुटुंबे आली होती. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर.

सात वीस झाले आणि आतषबाजी काही दिसेना. पडद्यावर एक गृहस्थ टेबलाशी बसलेले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आजोबांनी संचाला दोन चापट्या मारल्या. मी इंजिनियर म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही गंभीर चेहऱ्याने एक चापट मारली!

दोष संचाचा नव्हता. बॅटरसीच्या वीज केंद्रात आग लागून पश्चिम लंडनचा मोठा भाग अंधारात बुडाला होता आणि बीबीसीचे नवेकोरे टेलिव्हिजन सेंटर नेमके त्याच भागात. १९६० साली उघडलेली ती भव्य इमारत, तिथली सगळी आधुनिक यंत्रे वीज नसल्याने ठप्प. पडद्यावर जे गृहस्थ दिसले ते जेराल्ड प्रीस्टलँड. पुढे आवाज आला आणि ते बातम्या वाचून दिलगिरी व्यक्त करू लागले. ते बोलत होते कुठून? अलेक्झांड्रा पॅलेसमधून. जिथून बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी नियमित टेलिव्हिजन सुरू केला, तीच ती म्हातारी वास्तू. बातम्यांचा विभाग अजून तिथेच होता म्हणून पडदा कोरा राहिला नाही.

आजोबांनी खिडकीचा पडदा सारला. समोर टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेसचे दिवे दिसत होते. ते म्हणाले, "पाहिलेस पोरा? नव्या घरात दिवा गेला, तर जुन्या घरातूनच आणावा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता लहान मुलांचा 'प्ले स्कूल' लागला. अशा रीतीने त्या दिमाखदार चॅनेलचा पहिला कार्यक्रम बाळगोपाळांच्या वाट्याला गेला! संध्याकाळी उद्घाटन पुन्हा झाले. पडद्यावर काळोख, त्यात एक जळती मेणबत्ती, आणि निवेदक डेनिस टूही यांनी ती फुंकर मारून विझवली. आपल्या फजितीवर आपणच हसण्याची ही इंग्रजी तऱ्हा मला फार आवडली.

बदलाचे वारे

त्या एका वर्षात काय काय घडले! १ जानेवारीला मँचेस्टरच्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या स्टुडिओतून 'टॉप ऑफ द पॉप्स' सुरू झाले. लांब केसांची पोरे गाऊ लागली आणि आजोबा वर्तमानपत्रामागे तोंड लपवू लागले. २२ ऑगस्टला 'मॅच ऑफ द डे'चा पहिला भाग दाखवला. लिव्हरपूलने आर्सेनलला तीन विरुद्ध दोन गोलांनी हरवले. नवे चॅनेल अजून लंडनच्या आसपासच दिसे, त्यामुळे प्रेक्षक अवघे वीस हजारांच्या आसपास. मैदानातली गर्दी त्याहून दुपटीने अधिक!

शनिवारी नातवंडे आली की 'डॉक्टर हू'. त्यातले डालेक नावाचे यंत्रराक्षस दिसले, की ती कोचामागे दडत. या मालिकेचा पहिला भाग दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन हा लखनौला जन्मलेला, माझ्याहून एखाद-दोन वर्षांनीच मोठा तरुण होता, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा कळते, तर स्टुलावरून उठून कोचावर बसलो असतो!

बदल म्हटला की त्याला विरोध आलाच. ५ मे रोजी बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने 'टेलिव्हिजन स्वच्छ करा' म्हणून सभा भरवली. सुमारे दोन हजार माणसे जमली. आणि टेलिव्हिजनचा वचक राजकारणालाही किती! १५ ऑक्टोबरला निवडणूक होती. त्या संध्याकाळी 'स्टेप्टो अँड सन' हा अतोनात लोकप्रिय विनोदी कार्यक्रम लागणार होता. मजूर पक्षाचे हॅरोल्ड विल्सन यांना धास्ती पडली, की आपले मतदार घरीच बसतील. त्यांनी बीबीसीचे प्रमुख ह्यू ग्रीन यांची भेट घेतली आणि कार्यक्रम मतदान संपण्याच्या वेळेपर्यंत, नऊपर्यंत, पुढे ढकलला गेला. विल्सन जिंकले, अवघ्या चारांच्या बहुमताने!

बाईंच्या 'कोरोनेशन स्ट्रीट'लाही बदल चुकला नाही. नवा निर्माता आला आणि त्याने काही पात्रे काढली. मे महिन्यात मार्था लाँगहर्स्ट ही म्हातारी पबमधल्या आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या वारली. बाई घळाघळा रडल्या. मला हसू आले, आणि ते मी लपवू शकलो नाही. त्या काही बोलल्या नाहीत.

दोनच आठवड्यांनी, २७ मे रोजी, पंडित नेहरू गेले. मी कारखान्यातून परतलो तो जिना चढण्याचे बळ नव्हते. बुधवार होता, बाईंच्या मालिकेचा वार. बाईंनी स्वतःहून बीबीसीच्या बातम्या लावल्या आणि मला स्टुलावर नव्हे, आपल्या खुर्चीत बसवले. पडद्यावर पंडितजींचे चित्र आले. माझे डोळे भरले. बाई हसल्या नाहीत. चहाचा पेला हातात देऊन त्या बाजूला उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी 'कोरोनेशन स्ट्रीट' लागलेच नाही. आपल्या मागच्या हसण्याची मला तेव्हा जी लाज वाटली, ती आजही वाटते.

शनिवारची वाट

आजोबांनी एवढा खर्च करून तिसरे बटण का आणले, ते ३० मेच्या शनिवारी उलगडले. त्या दिवशी नव्या चॅनेलवर 'द ग्रेट वॉर' सुरू झाले. पहिल्या महायुद्धाला पन्नास वर्षे होत होती. सव्वीस भाग, निवेदनाला मायकेल रेडग्रेव्ह यांचा आवाज. जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु पळताना दिसतात ना? इथे फिल्ममधली काही चित्रे दोनदा छापून त्यांची चाल सावरली होती. पन्नास वर्षांनी ते शिपाई प्रथमच माणसांसारखे चालत होते.

आजोबा स्वतः त्या युद्धात होते. पण घरात त्याचा शब्द निघत नसे. आता दर शनिवारी ते खुर्ची पडद्याजवळ ओढून चश्मा पुसत बसत. एकदा मी विचारले, "इतक्या जवळून डोळ्यांना त्रास नाही होत?"

ते म्हणाले, "धाकटा भाऊ सोमला गेला. सापडला नाही. एखादे वेळी दिसायचा."

मी गप्प राहिलो. मग मला माझ्याच घरातली गोष्ट सांगावीशी वाटली. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेले. कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी त्या फौजेला वेढा घातला. १९१६च्या एप्रिल अखेरीस तिने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेत कितीतरी माणसे मेली. आमच्या घरी एवढेच ठाऊक, की ते 'बसऱ्याला गेले'. मेल्याचा कागद आला नाही, म्हणून चुलत आजीने कुंकू पुसले नाही.

आजोबांनी ऐकून घेतले. पुढे एका शनिवारी मेसोपोटेमियाची आघाडी दाखवायची होती. त्यांनी सकाळीच मला बजावले, "आज कुठे जाऊ नकोस." आणि रात्री आपली खुर्ची मागे घेऊन माझे स्टूल पडद्याला भिडवून ठेवले. मी एकेक चेहरा पाहत राहिलो. वेडेपणाच तो! त्यांचा मला फोटोसुद्धा माहीत नव्हता.

काय टिकले

लंडन भागातला जुन्या पद्धतीचा, म्हणजे अॅनलॉग, टेलिव्हिजन १८ एप्रिल २०१२ रोजी कायमचा बंद झाला. त्या रात्री अंधारात सापडलेल्या टेलिव्हिजन सेंटरमधून बीबीसीने २०१३ साली आपला मुक्काम हलवला. पुढे तिथे राहती घरे झाली. टेकडीवरचा अलेक्झांड्रा पॅलेस उभा आहे. 'कोरोनेशन स्ट्रीट'ला २०२० साली साठ वर्षे झाली आणि पहिल्या भागात केन बार्लो झालेला नट विल्यम रोच तेव्हाही केन बार्लोच होता. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मी सांगत नव्हते?"

मी १९६६ साली गावी परतलो. चुलत आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिच्याजवळ बसून म्हटले, "आजी, मी विलायतेत बसऱ्याकडचा मुलूख बघितला. पेटीत दाखवतात."

तिचे हात थांबले. बराच वेळ ती बोलली नाही. मग विचारले, "तिथं नदी हाय का?"

"हाय की. कृष्णेपेक्षा मोठी."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढे ओढले.