हरणांचा हिशेब

पाडसाला घेऊन चरणाऱ्या हरिणीवर शस्त्र उगारणे कोणालाही क्रूरपणाचे वाटेल. पुष्कळ देशांतील शिकारीसुद्धा मादीला मारणे कमीपणाचे मानीत आले आहेत. परंतु अमेरिकेतील विस्कॉन्सिन या राज्यात काही वर्षे याच्या अगदी उलट नियम होता. शिकाऱ्याने प्रथम मादी मारावी आणि मगच त्याला शिंगांचा नर मारण्याचा अधिकार मिळावा, असा तो नियम. मुलांनो, हा नियम निर्दय माणसांनी केलेला नव्हता. वनांची आणि वन्य प्राण्यांची काळजी वाहणाऱ्या सरकारी खात्यानेच तो केला होता. असे का व्हावे, हे आपण पाहू.

विस्कॉन्सिन हे राज्य अमेरिकेच्या उत्तर भागात मोठ्या सरोवरांच्या काठी वसले आहे. तेथील हिवाळा कडक असतो आणि कित्येक आठवडे जमीन बर्फाखाली झाकलेली राहते. तेथील रानात पांढऱ्या शेपटीचे हरीण राहते. भय वाटले की ते शेपटी उभारून पळते आणि शेपटीची पांढरीशुभ्र खालची बाजू दुरूनही दिसते. नराला दर वर्षी नवी शिंगे फुटतात व हिवाळ्यात ती गळून पडतात. मादीला शिंगे नसतात. ती मे-जूनच्या सुमारास विते आणि बहुधा एक किंवा दोन पाडसांना जन्म देते.

एकोणिसाव्या शतकात तेथील मोठमोठी अरण्ये लाकडासाठी तोडली गेली. मांसासाठी व कातड्यासाठी हरणांचीही बेसुमार हत्या झाली आणि हरीण दुर्मीळ झाले. तेव्हा सरकारने शिकारीचे दिवस कमी केले आणि मादीला मारण्यास मनाई केली. त्या काळी हा नियम योग्यच होता. मादी वाचली, म्हणून कळप वाचले. परंतु त्याच काळात हरणांचा मोठा शत्रू जो लांडगा, त्याचा नायनाट चालला होता. लांडगा मारणाऱ्यास १९५७ सालापर्यंत सरकारकडून बक्षीस मिळत असे. १९६० च्या सुमारास त्या राज्यात लांडगा जवळजवळ उरला नाही. तोडलेल्या रानात कोवळी झाडे उगवली होती, शेतांत मका पिकत होता. अन्न विपुल आणि शत्रू नाही! हरणांची संख्या वाढतच गेली. पुढे शेजारच्या राज्यातून काही लांडगे परत आले; परंतु ते मुख्यतः उत्तरेकडील व मध्य भागातील रानांत राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधील हरणे दहा लाखांवर गेली.

हरणे वाढली, यात वाईट ते काय, असे तुम्ही विचाराल. परंतु रानाची पोसण्याची शक्ती मर्यादित असते. भुकेली हरणे कोवळी रोपे वाढूच देत नाहीत. त्यांचे तोंड पोहोचेल तेथपर्यंतचा सारा पाला नाहीसा होतो. जुनी झाडे उभी राहतात, पण त्यांची जागा घेणारी नवी झाडे तयार होत नाहीत. झुडपांत घरटी बांधणारे पक्षी निराधार होतात. शेतांची नासाडी होते. रात्रीच्या वेळी रस्त्यावर हरणे मोटारींना धडकतात आणि त्यात माणसेही दगावतात. शिवाय कडक हिवाळ्यात अन्न पुरेनासे झाले म्हणजे हरणेच उपासमारीने मरतात.

हा धोका आल्डो लिओपोल्ड या शास्त्रज्ञाने फार आधी ओळखला होता. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होता. कळप कमी करावयाचा तर माद्याही मारल्या पाहिजेत, असे तो सांगे. १९४३ साली राज्याने थोड्या दिवसांसाठी शिंगे नसलेल्या हरणांच्या शिकारीस परवानगी दिली. त्याबरोबर लोक खवळले आणि लिओपोल्डला कठोर टीका सोसावी लागली.

त्याच्या म्हणण्यातील मर्म साध्या गणिताने समजेल. समजा, एका रानात ५० नर व ५० माद्या आहेत आणि दर मादीमागे सरासरी दीड पाडस होते. शिकाऱ्यांनी ३० नर मारले तर २० नर व ५० माद्या उरतील. एक नर अनेक माद्यांशी संग करीत असल्यामुळे पाडसे कमी होणार नाहीत. ५० माद्यांना ७५ पाडसे होतील आणि कळप १४५ वर जाईल. आता ३० माद्या मारल्या असे धरा. २० माद्यांना ३० पाडसे होतील आणि कळप १०० च राहील. दोन्ही वेळा बंदुकीने ३० च प्राणी मेले. परंतु परिणाम किती भिन्न!

तरीही बहुतेक शिकाऱ्यांचे लक्ष मोठ्या शिंगांच्या नरावरच असे. म्हणून १९९६ सालापासून, जेथे हरणे फार झाली होती अशा भागांत, हा नवा नियम लागू झाला. शिकाऱ्याने आधी शिंगे नसलेले हरीण मारून त्याची नोंद करावी, मगच नर मारावा. शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात असल्यामुळे तोपर्यंत पाडसे स्वतः चरू लागलेली असत. २००२ साली तेथील हरणांत मेंदूचा एक प्राणघातक रोग आढळला, तेव्हा त्या भागातही या नियमाचा आधार घेण्यात आला.

नियमाने माद्यांची शिकार वाढली. परंतु शिकारी नाराज झाले. वर्षभर वाट पाहावी, देखणा नर समोर यावा आणि आधी मादी मारली नाही म्हणून त्याला जाऊ द्यावे लागावे, हे त्यांना सहन होईना. पुढे रानात हरणे कमी दिसू लागली, याचाही त्यांना राग आला. अखेर २०११ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून असा नियम घालण्यास बंदी केली. हिशेब बरोबर होता, पण तो लोकांच्या मनास पटला नाही.

आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले आहे. ताडोबा किंवा मेळघाटच्या रानात चितळांचा व सांबरांचा हिशेब वाघ, बिबटे आणि रानकुत्रे ठेवतात. त्यांना कोणी नियम शिकवावा लागत नाही. निसर्गाचा हिशेबनीस नाहीसा झाला, की त्याचे काम माणसाच्या अंगावर पडते. आणि ते काम किती अवघड, हे विस्कॉन्सिनची हकीकत सांगते. दया हवीच, पण एका हरिणीवर दया करताना साऱ्या रानाचा विचार सुटू नये.

स्वाध्याय
१. मादीला मारू नये हा नियम पूर्वी योग्य का होता? पुढे तो का पुरेसा ठरला नाही?
२. हरणे फार वाढल्यास रानाचे कोणते नुकसान होते?
३. पाठातील उदाहरणात १५ नर व १५ माद्या मारल्या, तर कळप किती होईल?
४. योग्य नियमही लोकांना पटवून द्यावा लागतो, हे या पाठाच्या आधारे स्पष्ट करा.