काचीगुड्याचे मास्तर आणि डॉक्टर कर्णधार

वाशिम स्टेशनवर काचीगुडा-नरखेड गाडी उभी राहते तेव्हा पाटीवरचं पहिलं नाव वाचून मला एक शाळामास्तर आठवतात. सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले, काही काळ काचीगुड्याच्याच शाळेत शिकवणारे. १९५० पासून भारतीय फुटबॉल संघ त्यांच्या हाती आला आणि १९५१ व १९६२ अशी आशियाई स्पर्धांची दोन सुवर्णपदकं त्या संघाने जिंकली. १९६३ च्या जूनमध्ये कर्करोगाने ते गेले. भारताला फुटबॉलचं आशियाई सुवर्ण त्यानंतर आजपर्यंत मिळालेलं नाही.

फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की वाद ठरलेला असतो. चुनी गोस्वामी मोठा की सुनील छेत्री? पी. के. बॅनर्जी की बायचुंग भुतिया? हा वाद गोलांच्या आकड्यांनी सुटत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, ही मोठीच गोष्ट. पण हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिला सामना न खेळताच आपण उपांत्यपूर्व फेरीत पोचलो होतो, हेही खरं. १९६२ ला जकार्त्यात सुवर्ण मिळालं तेव्हा इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊच दिलं नव्हतं. दुसरीकडे छेत्रीचे नव्वदाहून अधिक आंतरराष्ट्रीय गोल आहेत, पण त्यातले पुष्कळ नेपाळ, मालदीव अशा शेजाऱ्यांविरुद्धचे. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा मुंबईचा नेव्हिल डिसूझा त्या तीन गोलांवर अजून उभा आहे. माप कुठलं लावायचं?

मी वेगळं माप लावतो. खेळ थांबल्यावर त्या माणसाच्या हातात काय उरलं?

त्या मापावर पहिलं नाव येतं तालिमेरेन आओ यांचं. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा हा मुलगा. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही वडिलांची इच्छा. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून तो कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात गेला, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, आणि मोहन बागानच्या बचावफळीत उभा राहिला. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक फुटबॉल संघाचा तो कर्णधार होता, लंडनच्या संचलनात तिरंगा त्याच्याच हाती होता आणि त्या वेळी तो वैद्यकीयचा विद्यार्थी होता. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. सारंगपाणी रामनने बरोबरी साधून दिली, दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण २-१ ने हरलो. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, आओ एम.बी.बी.एस. झाले. पुढे खेळ सोडून ते आपल्या मुलखात परतले, सरकारी दवाखान्यात रुजू झाले, नागालँडचे आरोग्य संचालक झाले आणि १९७८ ला निवृत्त झाले. आयुष्यातली मोठी कामगिरी त्यांनी बूट टांगल्यावर केली, असं मला वाटतं.

रहीमसाहेबही मैदानावर मास्तरच राहिले. चेंडू पायात घोळवत बसायला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या, कच्च्या पायानेच मारायचं अशाही भरवल्या. वर्गात कच्च्या मुलाकडून जो धडा दहादा घोकून घेतात, तोच हा प्रकार. जकार्त्यात त्यांचा कर्णधार होता चुनी गोस्वामी, कोलकाता विद्यापीठाकडून फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेला. फुटबॉल थांबल्यावर याच माणसाने १९७१-७२ च्या हंगामात बंगालला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, बँकेत नोकरीही केली. १९५१ च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते. रेल्वे, बँका, मुंबईत टाटा आणि मफतलाल, सगळीकडे संघ होते. खेळाचा पगार असा नव्हताच, नोकरीचा होता. तेव्हाची मुलं काही जास्त अभ्यासू नव्हती. पोट भरायला शिक्षण आणि नोकरी लागायची, म्हणून कॉलेज सुटत नव्हतं.

मग काळ पालटला. १९८७ ला जमशेदपुरात टाटा फुटबॉल अकादमी आली, १९९६ ला राष्ट्रीय लीग, २०१४ ला आयएसएल. बायचुंग भुतिया शाळेच्या वयात ईस्ट बंगालला गेला. छेत्री सतराव्या वर्षी मोहन बागानमध्ये. या मुलांना दोष देता येत नाही; आजच्या वेगाला उतरायचं तर शरीर पंधराव्या-सोळाव्या वर्षीच द्यावं लागतं. या दोघांचं सोनं झालं. पण त्याच वयात घर सोडलेली आणि संघात न टिकलेली मुलं कितीतरी असतील. पंचविशीत गुडघा गेला की त्यांच्या हातात बारावीची मार्कलिस्ट, तीही असली तर.

दोन्ही जमतच नाही, हे मात्र मला पटत नाही. ब्राझीलच्या सॉक्रेटिसने लहान क्लबात खेळत वैद्यकीय शिक्षण पुरं केलं आणि १९८२ च्या विश्वचषकात देशाचं नेतृत्व केलं. त्याच देशाचा तोस्ताओ १९७० चा विश्वविजेता; डोळ्याच्या दुखापतीने १९७३ ला खेळ सुटला तेव्हा तो वैद्यकशास्त्राकडे वळला आणि डॉक्टर झाला. युरो २०२० जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार किएलिनी युव्हेंट्ससारख्या क्लबात खेळता खेळता तुरीनच्या विद्यापीठात वाणिज्याची पदवी घेऊन मोकळा झाला. म्हणजे सवड काढता येते. ती काढू देणारं विद्यापीठ आणि क्लब मात्र लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला. तेव्हापासून शालेय खेळाडूची वाट ठरलेली: तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, मग राज्य. पदरात पडतात ते दहावी-बारावीचे क्रीडागुण. कॉलेजात गेल्यावर अमरावती विद्यापीठाचा कलर मिळाला की घरी कौतुक. त्यापुढे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ पासूनचं, आणि बी.पी.एड. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याची आशा. या वाटेला काहीजण कमी लेखतात. मला ती रहीमसाहेबांची वाट वाटते. क्रीडाशिक्षक काय करू शकतो, ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना चेंडू देऊन दाखवलंच आहे. ‘झुंड’ चित्रपट आला तो त्यांच्याच कामावरून.

दुसरी वाट कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची. लहान वयात घर सोडून पुण्यात तयार झाला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मंगरूळपीर, रिसोड, मानोऱ्याच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला उद्या असं बोलावणं आलं तर जरूर पाठवा. पण जाताना मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून घ्या, आणि अकादमीवाल्यांना पहिला प्रश्न पगाराचा न विचारता शाळेचा विचारा.

आणि प्राचार्यांना, विद्यापीठाला एक मागणं. आंतरविद्यापीठ सामन्याच्या तारखेला पेपर आला तर त्या खेळाडूचा पेपर नंतर वेगळा घ्या, त्याला नापासाच्या यादीत टाकू नका.